नगरसेवकाच्या भावाची जमीन आणि क्रीडांगणाचे आरक्षण

जालना जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावातून निवृत्त शिक्षक असलेल्या वाचकांनी विचारले आहे : आमच्या वसाहतीला लागून असलेली सुमारे 2 एकर जमीन मंजूर विकास योजनेत क्रीडांगणासाठी आरक्षित आहे. नगरपरिषदेच्या सर्वसाधारण सभेने हे आरक्षण वगळून जमीन रहिवास विभागात घेण्याचा ठराव सर्वानुमते मंजूर केला. ठरावाचे अनुमोदक असलेले नगरसेवक हे जमीनमालकाचे सख्खे भाऊ आहेत. जमिनीवर चुन्याच्या रेघा मारून प्लॉट दाखवणे सुरू झाले आहे. ठराव रद्द होईल का, नगरसेवक अपात्र ठरतील का आणि बांधकाम परवानगी थांबवता येईल का?

आपल्या तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण त्यात एक सार्वत्रिक गैरसमज आहे. घराची किंवा लेआउटची परवानगी नगरसेवक देत नाहीत. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, 1966 च्या कलम 152 नुसार नगरपरिषदेच्या बाबतीत हे अधिकार मुख्याधिकारी वापरतात. परवानगीसाठी लोक प्रभागातील नगरसेवकाच्या दारी जातात ही आपल्याकडची रीत आहे, कायदा नव्हे. मुख्याधिकाऱ्यांनाही विकास योजना डावलता येत नाही. म्हणून आरक्षण कायम असेपर्यंत त्या जमिनीवर निवासी लेआउट मंजूर होऊ नये, असा लेखी अर्ज त्यांच्याकडे आजच देऊन पोच घ्यावी.

आरक्षण वगळणे ही मात्र कलम 37 खालील बाब आहे आणि ती सभागृहासमोर येते. तरीही सभेचा ठराव म्हणजे आरक्षण उठले असे नाही. ठरावानंतर राजपत्रात सूचना प्रसिद्ध करून 1 महिन्याच्या मुदतीत हरकती व सूचना मागवाव्या लागतात आणि प्रस्ताव राज्य शासनाकडे जाऊन तेथे मंजूर झाल्यावरच फेरबदल अमलात येतो. शिवाय योजनेचे मूळ स्वरूप बदलेल असा फेरबदल या कलमाखाली करता येत नाही. त्या भागात दुसरे क्रीडांगण नसेल, तर आपल्या हरकतीचा हाच पहिला मुद्दा असावा. भावाभावांचे नाते त्यानंतर यावे.

अपात्रतेबद्दल आपली अपेक्षा थोडी आवरती घ्यावी, असे मला वाटते. नगरपरिषद अधिनियम, 1965 च्या कलम 44 मध्ये, ज्या विषयात सदस्याचा स्वतःचा किंवा भागीदारामार्फत प्रत्यक्ष वा अप्रत्यक्ष हितसंबंध आहे, त्यावर त्याने चर्चा किंवा मतदान केल्यास पद जाण्याची तरतूद आहे आणि तिचा निर्णय जिल्हाधिकारी देतात. परंतु हा हितसंबंध कोणता, हे ठरवताना ते कलम 16 कडे बोट दाखवते आणि तेथील शब्दरचना मुख्यतः पालिकेशी होणाऱ्या करार-व्यवहारांभोवती आहे. आरक्षण वगळणे त्यात बसत नाही, असा युक्तिवाद समोरून नक्की होईल, आणि 'भाऊ' हा शब्द तेवढ्यावर पुरणार नाही.

येथे सातबारा नीट वाचावा लागेल. आपण पाठवलेल्या उताऱ्यावर आज एकाच भावाचे नाव दिसते. पण त्याच गटाचे जुने फेरफार काढून पाहा. आपल्याकडे वडिलांच्या पश्चात वारसांची नावे एकत्र लागतात आणि नंतर एखाद्या तोंडी वाटणीवर किंवा हक्कसोडपत्रावर एक नाव कमी होते. नगरसेवकाचे नाव ठरावाच्या थोडे आधी कमी झाले असेल, किंवा वाटणीच झालेली नसेल, तर चित्र पार बदलते, कारण मग तो स्वतःच्या जमिनीवर मत देणारा ठरतो.

ठराव रद्द करण्याबाबत दोन्ही बाजू सांगतो. क्रायपाक प्रकरणात (1969) निवड मंडळातील एक सदस्य स्वतःच उमेदवार होता; स्वतःचे नाव विचारात आले तेव्हा तो बाजूला झाला, तरी बाकीच्या चर्चेत बसला एवढ्यावर सर्वोच्च न्यायालयाने निवड रद्द केली. आपले नगरसेवक तर अनुमोदक आहेत. उलट पुणे महापालिकेच्या प्रकरणात (2004) कलम 37 खालील नियमबदल हे कायदे करण्यासारखे काम मानले गेले, त्यामुळे नैसर्गिक न्यायाचा (निर्णय घेणाऱ्याचा त्यात स्वतःचा स्वार्थ नसावा, या तत्त्वाचा) आधार एकटा घेऊ नये. उद्यानाची जागा खासगी रुग्णालयाला देण्याचा निर्णय रद्द करणारा बंगळूरचा निकाल (1991) आपल्याला अधिक जवळचा आहे. दाद मागणारे तेथेही परिसरातील रहिवासीच होते. आणि माणकलाल प्रकरणात (1957) पक्षपाताची शंका रास्त मानूनही, ती माहीत असताना वेळेत न मांडल्यामुळे पक्षकाराने तो हक्क गमावला. म्हणून हरकतीच्या पहिल्याच अर्जात नाते, ठराव क्रमांक आणि अनुमोदनाचा उल्लेख ठळकपणे करावा.

सोबत नगरपरिषद अधिनियमाच्या कलम 308 खाली ठरावाची अंमलबजावणी तहकूब करण्याचा अर्ज जिल्हाधिकाऱ्यांकडे द्यावा. उच्च न्यायालयाच्या छत्रपती संभाजीनगर खंडपीठात याचिका करता येईल. मात्र शासनाचा निर्णय बाकी असताना ती घाईची ठरण्याची शक्यता आहे. एक सूचना अप्रिय वाटेल, पण आपल्या स्वतःच्या घराची परवानगी किंवा गुंठेवारीचे नियमितीकरण व्यवस्थित आहे ना, हे तक्रारीआधी पाहून घ्या. अशा वादात पहिली नोटीस अनेकदा तक्रारदारालाच येते.

इतिवृत्त, हजेरी आणि ठरावाच्या साक्षांकित प्रती माहितीच्या अधिकारात मागताना आणखी एक कागद अवश्य मागावा : जमीनमालकाने नगररचना अधिनियमाच्या कलम 127 खाली खरेदी सूचना, म्हणजे आरक्षित जमीन संपादित करा अशी नोटीस, पालिकेला दिली आहे का. योजना अमलात येऊन 10 वर्षे उलटली असतील आणि सूचनेनंतर 24 महिन्यांत पालिकेने भूसंपादनाची पावले उचलली नाहीत, तर आरक्षण कोणाच्याही मताशिवाय आपोआप व्यपगत होते, म्हणजे संपते. ठरावावर लक्ष खिळवून ठेवायचे आणि खरेदी सूचना कपाटात पडू द्यायची, असे प्रकार मी पाहिले आहेत. अशी सूचना आलेली असेल, तर आपली खरी मुदत तिच्या पोचेवरील तारखेपासून मोजावी लागेल.