‘सोडलीस तर तलावात उडी मारीन’

प्रश्न : ताई, मी सोलापूरला अकरावीत आहे, वय १६. तो बारावीत. लई जीव लावतो, पण फोन तपासतो, लोकेशन चालू ठेवायला लावतो. गड्ड्याच्या जत्रेत वर्गातल्या एका मुलाशी बोलले म्हणून दंड पिरगळला. आईला ‘दार लागलं’ असं खोटंच सांगितलं. सोडते म्हटलं की ‘सिद्धेश्वर तलावात उडी मारीन’ म्हणतो. मला झोप नाही, चाचणीत नापास झाले. मावशीशी माझं जमतं, पण घरी कळलं तर कॉलेज बंद करून लग्न लावतील.

उत्तर : तुझं पत्र मोठं होतं, इथे कापून छापलंय. त्यात तो नंतर कसा रडला यावर पानभर आहे, दंडाबद्दल दीड ओळ. माझा जीव त्या दीड ओळीत अडकला. रडला, तरी त्याने तुला मारलंय. आणि फोन तपासण्याला काळजी म्हणू नकोस.

तलावाची धमकी खोटीच असेल, असं मी म्हणणार नाही. त्या वयाच्या पोराच्या मनात खरंच काही चाललेलं असू शकतं. म्हणून तर ती गोष्ट एकट्या तुझ्या गळ्यात नको. पुन्हा तसं म्हणाला की मेसेज सरळ त्याच्या घरच्यांना पाठव. निघालाच असेल तर ११२ लाव. तू धावत जायचं नाहीस. ‘टेली मानस’ या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर मोफत आहे, मराठीत बोलतात. तुझ्या झोपेसाठी तू कर, त्यालाही दे.

‘शेवटचं एकदा भेट’ म्हणेल. जाऊ नकोस. नातं तुटताना हात जास्त उठतो. त्याचे मेसेज पुसू नकोस.

आता घर. आधी मावशीला गाठ, दंड दाखव, आईशी तिलाच बोलू दे. पप्पांना कधी सांगायचं ते त्या दोघी ठरवतील. लग्नाची भाषा निघाली तर १८ च्या आत मुलीचं लग्न लावणं गुन्हा आहे, हे मावशीच्या कानावर घालून ठेव. त्यासाठी १०९८ ही मुलांची हेल्पलाइन आहे, चोवीस तास. तिथे तू स्वतः बोलू शकतेस.

लोकेशन मात्र मावशीशी बोलून झाल्यावरच बंद कर. ते बंद दिसलं की तो चिडणार, आणि त्या आठवड्यात तू क्लासहून एकटी परतता कामा नये.