शनिवारी घरी थांबणाऱ्याला

चि.,
अनेक आशीर्वाद.

तुझा मेसेज वाचला. नागपूरच्या मिहानमधली नोकरी बरी चालली आहे, पण ऑफिसची पोट्टी दर शनिवारी फुटाळा तलावावर जमतात, तू जात नाहीस, म्हणून ‘लय भाव खातो’ असं बोलतात. घरी आईलाही घोर. आणि तू मलाच विचारतोस, मी माणूसघाणा तर नाही ना?

आधी एक सांग. शनिवारी घरी असलास की तुझं मन कशात तरी रमतं, की त्या पोट्ट्यांनी टाकलेले फोटो बघत कुढत बसतोस? रमत असेल तर आईची समजूत मी काढतो. कुढत असशील तर पुढचं नीट वाच.

बुजरेपणा आणि एकांताची आवड लोक एकाच मापानं मोजतात. जोनाथन चीक आणि अर्नोल्ड बस या मानसशास्त्रज्ञांनी 1981 मध्येच दाखवलं होतं की या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. काहींना माणसं हवी असतात आणि त्यांच्यासमोर तोंडही उघडत नाही. प्रयोगात सगळ्यांत अवघडलेले दिसले ते हेच.

मीही बुजराच होतो. लग्नात कोणी ‘काऊन बे, बोलत काऊन नाही?’ म्हणायच्या आत मी मठ्ठ्याची बादली उचलायचो. हातात बादली असली की शिक्षण, पगार कोणी विचारत नाही. ‘अजून थोडा’ किंवा ‘पुरे’, संपलं बोलणं. मान खाली, नजर ग्लासावर. पण दोन-तीन पंगती वाढल्या की कोणत्या आजोबांना मिरची चालत नाही, कोण जिलेबीसाठी ताटकळलंय, हे कळायला लागायचं. त्यांतली काही माणसं पुढे जन्माची झाली. म्हणून सांगतो, समारंभात रिकाम्या हातानं उभा राहू नकोस. खुर्च्या लाव, पाणी दे, काहीही कर.

भीड चेपल्यावर मला वाटलं, आता आपण गप्पिष्ट होणार. कसलं काय! भीती गेली, एकांताची ओढ तशीच राहिली. नागपूरचा मे महिना मला आवडतो तो त्यामुळेच, आणि हे सांगितलं की लोक मला वेड्यात काढतात. बाहेर 45 अंश, दारं-खिडक्या बंद, कूलरमधून वाळ्याचा ओला वास, धरमपेठेच्या रस्त्यावर चिटपाखरू नाही. संध्याकाळपर्यंत कोणी बेल वाजवत नाही, आणि ‘आला नाहीस’ म्हणून कोणी रुसतही नाही. माझं खरं वाचन त्या दुपारांत झालं.

तेव्हा शनिवारी खुशाल घरी थांब, फक्त डोकं दुखतं, पाहुणे आलेत, असले बहाणे सांगू नकोस. ‘आज घरीच थांबतो’ एवढं पुरे. मात्र सारखं नाही म्हटलं की विचारणंच बंद होतं, म्हणून अधूनमधून रविवारच्या तर्री-पोह्यांना जात जा. उभ्या-उभ्या खायचं, प्लेट संपली की मोकळे. बुजऱ्या माणसाला याहून सोयीची बैठक नाही.

आणि मित्राच्या हळदीला जा. डीजेपुढे नाचलंच पाहिजे असं नाही. हल्ली बुफे असतो, बादली कोणी देणार नाही. म्हाताऱ्या माणसांना ताटं भरून नेऊन दे. तासाभरानं नीघ, पण त्याच्या आईला सांगून. न सांगता सटकलास तर ती तुझ्या आईला फोन करेल, आणि तुझी आई मला.

तुझा,
काका