डोस वाढवण्याआधी रात्री तीनची शुगर बघा

तेरा वर्षांच्या मुलीची शुगर झोपताना १३० आणि सकाळी सातला २२० येते, तर रात्रीचं ग्लार्जिन (दिवसभर हळूहळू काम करणारं इन्सुलिन) दोन युनिट वाढवू का, असं तुम्ही विचारलंय. मलाही टाइप वन डायबिटीस आहे, आणि माझं कळकळीचं सांगणं आहे की एवढ्यावरून वाढवू नका. मधल्या सात-आठ तासांत काय झालं, ते अजून कळलेलंच नाही.

पहाटे तीन-चारच्या सुमारास ग्रोथ हार्मोन आणि कॉर्टिसॉलमुळे लिव्हर जास्त साखर सोडू लागतं. हे सगळ्यांच्याच शरीरात होतं. इतरांचं स्वादुपिंड त्या वेळी थोडं जास्त इन्सुलिन सोडून ते निभावून नेतं, आपलं नाही. वयात येताना ग्रोथ हार्मोन जास्त असतं, म्हणून हा चढही मोठा दिसतो. यात तिचं काही चुकलेलं नाही, हे तिला जरूर सांगा.

तीन-चार रात्री झोपताना, बाराला, तीनला आणि उठल्याउठल्या शुगर तपासून वेळेसकट लिहून ठेवा. अंगावर शुगर सतत मोजणारा सेन्सर असेल तर त्याचा आलेख पुरे. फक्त सेन्सरच्या कुशीवर झोपल्यास तो दाबला जाऊन खोटा लो (शुगर फार कमी) दाखवतो, तेव्हा बोटातून खात्री करा. तीनला १२५ असून सातला २२० आली, तर हा पहाटेचाच चढ. बारालाच २०० असेल तर संशय रात्रीच्या जेवणावर. तेलकट जेवणाची साखर कित्येक तास उशिरा चढते. रात्रभर सावकाश चढत गेली तर मात्र बेसल, म्हणजे ग्लार्जिनसारखं पायाभूत इन्सुलिन, खरंच कमी पडत असेल.

ग्लार्जिन वाढवलं की ते फक्त पहाटेपुरतं वाढत नाही, रात्री दोनलाही वाढतं. म्हणून भीती लोची. इन्सुलिन पंपावर नेमक्या त्या तासांचं बेसल वाढवता येतं, तेही चढाच्या तास-दोन तास आधीपासून, कारण इन्सुलिनला काम सुरू करायला वेळ लागतो. इंजेक्शनवर असाल तर डोसची वेळ बदलणं, दुसरं बेसल घेणं किंवा उठल्याबरोबर करेक्शन (वाढलेली शुगर उतरवणारा जलद इन्सुलिनचा डोस) घेऊन १५-२० मिनिटांनी नाश्ता करणं, हे पर्याय डॉक्टरांपुढे ती वही ठेवून बोला. नाश्ता टाळून मात्र उपयोग होत नाही, लिव्हर साखर सोडतच राहतं.

तीनला ७०च्या खाली दिसली तर लगेच १५ ग्रॅम ग्लुकोज द्या, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासा आणि सकाळी डॉक्टरांना फोन करा. मग सातची शुगर कितीही असो, प्रश्न बेसल कमी करण्याचा असू शकतो.