वाचकांचे प्रश्न : युद्धनौकांच्या प्रतिकृती आणि त्यांचे पुरावे

प्रश्न : मी १:३५० या प्रमाणात आयएनएस विक्रांतची प्रतिकृती करीत आहे. १९७१ च्या युद्धातील विक्रांत दाखवावी, अशी इच्छा आहे. जहाज मुंबईत संग्रहालय म्हणून उभे होते, त्या काळात मी स्वतः काढलेली पुष्कळ छायाचित्रे माझ्यापाशी आहेत. एका मित्राने त्याच वर्गातील ऑस्ट्रेलियाच्या ‘मेलबर्न’चे आराखडेही पाठवले आहेत. एवढ्या सामग्रीवर काम सुरू करावे काय? (एक वाचक, ठाणे)

उत्तर : काम अवश्य सुरू करावे, मात्र प्लास्टिकला हात लावण्यापूर्वी आपल्या प्रतिकृतीचा महिना आणि वर्ष एका कागदावर लिहून तो कागद कामाच्या मेजासमोर चिकटवावा. ‘विक्रांतची प्रतिकृती’ असे आपण सहज म्हणतो. परंतु छत्तीस वर्षांच्या नौदल सेवेत या जहाजाचे रूप अनेकदा बदलले आणि आपल्याला त्यांपैकी एकच रूप उभे करायचे आहे. आपण डिसेंबर १९७१ निवडला आहे. तेव्हा हातातील प्रत्येक छायाचित्राला आणि आराखड्याला पहिला प्रश्न विचारायचा, तो हाच की हा पुरावा कोणत्या तारखेचा आहे.

विक्रांतचा सांगाडा मूळचा ब्रिटिश. ‘हर्क्युलिस’ या नावाने ती २२ सप्टेंबर १९४५ रोजी पाण्यात उतरली. युद्ध संपल्यामुळे १९४७ मध्ये काम थांबले, १९५७ मध्ये भारताने ती विकत घेतली आणि बेलफास्टच्या हार्लंड अँड वुल्फ गोदीत तिरकी धावपट्टी, विमान वेगाने पुढे झुगारणारे वाफेचे कॅटापुल्ट अशा सुधारणा करून ४ मार्च १९६१ रोजी ती नौदलात दाखल झाली. पुढे १९७९ ते १९८२ या दीर्घ दुरुस्तीत बॉयलर आणि रडार बदलले, सी हॅरियर विमानांची सोय झाली. आणि १९८७ ते १९८९ या काळात कॅटापुल्ट काढून नाळेवर, म्हणजे जहाजाच्या पुढच्या टोकावर, पावणेदहा अंशांची स्की-जंप (विमानाला वर उडवणारी चढती धावपट्टी) बसवण्यात आली. ३१ जानेवारी १९९७ रोजी ती सेवेतून निवृत्त झाली. म्हणजे आपण संग्रहालयात टिपलेली विक्रांत ही शेवटच्या रूपातील विक्रांत आहे. त्या छायाचित्रांवरून नाळेची उंचावलेली कमान, मनोऱ्यावरील रडार किंवा तोफांची जागा घेतली, तर १९७१ च्या प्रतिकृतीवर नव्वदच्या दशकातील जहाज येऊन बसेल.

तरीही ती छायाचित्रे टाकून देऊ नयेत. जलरेषेवरील पोलादी पत्र्यांचे सांधे, नांगराचे भोक, धावपट्टीच्या कडेखालील आधारांची ठेवण, गोल खिडक्यांच्या ओळी, विमाने वर आणणाऱ्या दोन्ही उद्वाहकांच्या जागा या गोष्टी सहसा बदलत नाहीत. शिवाय जहाज नोव्हेंबर २०१४ पासून मुंबईत दारुखाना येथील जहाजतोडणीच्या जागी तोडले गेले असल्यामुळे इतक्या जवळून काढलेली छायाचित्रे आता नव्याने मिळणार नाहीत. माझी पद्धत अशी, की संग्रहालयकालीन छायाचित्रातील प्रत्येक बाब १९७१ च्या सुमाराच्या निदान एका छायाचित्राशी ताडून पाहावी आणि जुळली तरच ती प्रतिकृतीवर घ्यावी. यात वेळ जातो. परंतु या छंदाचा खरा आनंद मला तरी याच ताडून पाहण्यात वाटतो.

‘मेलबर्न’च्या आराखड्यांबाबत अधिक सावध राहावे. मॅजेस्टिक वर्गातील ही जहाजे मुळात एकाच आराखड्यावर बेतलेली होती, त्यामुळे जलरेषेखालील आकारासाठी तो आराखडा उपयोगी पडेल. परंतु ‘मेलबर्न’ १९५५ मध्ये, कॅनडाची ‘बोनाव्हेंचर’ १९५७ मध्ये आणि विक्रांत १९६१ मध्ये पूर्ण झाली, आणि प्रत्येकीचा मनोरा, डोलकाठी व रडार तिच्या मालक देशाच्या गरजेप्रमाणे घडले. धावपट्टीच्या वरचे काहीही बहिणीवरून, म्हणजे त्याच वर्गातील दुसऱ्या जहाजावरून, उचलू नये, हा नियम पाळला तर पुढचे बरेच कष्ट वाचतात. आराखड्यांतही दोन जाती असतात. बांधणीपूर्वीचा आराखडा गोदीचा हेतू सांगतो, तर जहाज पूर्ण झाल्यावर प्रत्यक्ष पाहून काढलेला आराखडा वस्तुस्थिती सांगतो. ब्रिटिश नौदलाच्या या दुसऱ्या प्रकारच्या आराखड्यांवर नंतरच्या दुरुस्त्या पुष्कळदा वेगळ्या रंगाच्या शाईने चढवलेल्या आढळतात. तेव्हा कृष्णधवल झेरॉक्सवर समाधान मानू नये. दोन कालखंडांच्या रेषा त्यात एकमेकींत मिसळून जातात.

जेथे आराखडा नाही, तेथे छायाचित्रातून माप काढता येते. समजा, मनोऱ्यालगत एक सी हॉक विमान बाजूने उभे आहे. त्याची खरी लांबी सुमारे १२.१ मीटर. छायाचित्रात ते २४ मिलिमीटर भरले, तर तेथील एक मिलिमीटर म्हणजे जवळपास अर्धा मीटर. या हिशेबाने शेजारच्या फलाटाची उंची छायाचित्रात ६ मिलिमीटर असेल, तर ती खरी ३ मीटर आणि आपल्या प्रतिकृतीत साडेआठ मिलिमीटर धरावी. मात्र विमान आणि फलाट हे दोन्ही कॅमेऱ्यापासून सारख्याच अंतरावर असले पाहिजेत. विमान पुढे आणि फलाट मागे असेल, तर हिशेब फसतो. पडताळा म्हणून जवळ उभा असलेला खलाशी मोजावा. त्याची उंची दोन मीटरांहून अधिक निघाली, तर मापन पुन्हा करावे.

प्रमाणाची निवड आपण योग्य केली आहे. सुमारे २१३ मीटर लांबीची विक्रांत १:३५० मध्ये ६१ सेंटिमीटर होते आणि सी हॉक साडेतीन सेंटिमीटरचे, म्हणजे पंखांच्या घड्या दाखवण्याइतके मोठे. १:७०० मध्ये जहाज फळीवर सहज मावते, पण विमाने नखाएवढी होतात. विमानांसाठी गोव्यात दाबोळीजवळील नौदल हवाई संग्रहालयास भेट द्यावी. तेथे सी हॉक आणि अलिझे ही दोन्ही विमाने उभी आहेत. चाकांची खाच, पंखाचा सांधा आणि नाकाचा उतार यांची छायाचित्रे समोरून, बाजूने आणि मागून घ्यावीत. संग्रहालयातील विमान पुन्हा रंगवलेले असू शकते, म्हणून आकार तेथून घ्यावा आणि रंग व चिन्हे त्या काळातील छायाचित्रांवरून. १९८३ च्या अखेरीस भारतात आलेली सी हॅरियर आपल्या धावपट्टीवर ठेवू नयेत, हे आपण जाणताच.

आपण समुद्रासह देखावा करणार असाल, तर आणखी एक गोष्ट ध्यानात असू द्यावी. १९७१ मध्ये विक्रांतच्या चारांपैकी एका बॉयलरला तडे गेले होते आणि त्यामुळे तिच्या वेगावर मर्यादा होती. तशा स्थितीतच ४ डिसेंबरला तिच्या सी हॉक विमानांनी कॉक्स बझारवर आणि मग चितगावावर हल्ले केले. म्हणून नाळेपाशी मोठी, उसळलेली फेसाळ लाट दाखवू नये. तेथे मध्यम लाटच खरी ठरेल. ज्या जहाजाने अधू बॉयलरवर ती मोहीम पार पाडली, त्याचा मान या मध्यम लाटेतच अधिक राखला जातो, असे मला मनापासून वाटते.

प्रश्न : कान्होजी आंगऱ्यांच्या आरमारातील गुराब ही युद्धनौका लाकडात करायची आहे. हल्लीच्या चित्रांत काही गुराबा थेट इंग्रजी युद्धनौकेसारख्या दिसतात, तर काही मचव्यासारख्या. खरी कोणती मानावी? (एक वाचक, अलिबाग)

उत्तर : हल्लीची चित्रे तूर्त बाजूला ठेवावीत. कोकणातील जहाजे कागदावरील आराखड्यापेक्षा मिस्त्रीच्या हातातील अनुभवावर आणि ठरीव प्रमाणांवर बांधली जात, त्यामुळे लंडनमधील ग्रीनिचच्या सागरी संग्रहालयात इंग्रजी जहाजांचे आराखडे मिळतात तसे गुराबेचे मिळण्याची अपेक्षा धरू नये. त्या जागी आपल्याला लिखित वर्णनांवर उभे राहावे लागते आणि त्यांत अठराव्या शतकातील इंग्रज इतिहासकार रॉबर्ट ऑर्म याचे वर्णन प्रतिकृतीकाराला सर्वांत उपयोगी आहे, कारण त्याने तोफा आणि डेक यांची मांडणी सांगितली आहे.

त्याच्या सांगण्याप्रमाणे गुराबेला बहुधा दोन डोलकाठ्या असत, काहींना तीन; दोन डोलकाठ्यांची सुमारे १५० टनांची आणि तीन डोलकाठ्यांची ३०० टनांपर्यंत. लांबीच्या मानाने रुंदी बरीच, पाण्यात बुडण्याची खोली कमी, आणि मधल्या भागापासून पुढे निमुळती होत गेलेली. पुढे युरोपीय जहाजासारखी भरीव गोल छाती नव्हती. भूमध्य समुद्रातील गॅलीप्रमाणे लांब, ठेंगणी नाळ पुढे आलेली असे. ही नाळ मुख्य डेकच्या पातळीत, पण आडव्या लाकडी भिंतीने त्यापासून वेगळी केलेली असे, म्हणजे जहाज लाटेत खाली गेले की नाळेवर चढलेले पाणी तेथूनच बाहेर वाहून जाई. या भिंतीला भोके पाडून नऊ किंवा बारा पौंडी गोळ्याच्या दोन तोफा नाळेवरून थेट पुढे रोखलेल्या असत. बाजूच्या तोफा सहा ते नऊ पौंडी. आपल्या प्रतिकृतीत ही आडवी भिंत, तिची दोन भोके आणि समोरची उघडी ठेंगणी नाळ नीट जमली, तर गुराब गुराबेसारखी दिसेल. मागचा भाग कितीही नक्षीदार केला आणि ही भिंत विसरली, तर ते दुसरेच जहाज होईल.

गलबत याच घडणीचे, पण लहान: फार तर ७० टन, मोठ्या डोलकाठीवर एकच प्रचंड त्रिकोणी शीड, ज्याचे टोक काठीच्याही वर जाई, आणि चाळीस-पन्नास वल्ही. लहान गलबतांना वजन वाचवण्यासाठी चिरलेल्या बांबूंचा डेक असे. गुराबेशेजारी एक गलबत ठेवल्यास दोघांची सांगड कळेल, कारण वारा पडला की गलबतेच गुराबांना ओढून नेत.

एक मर्यादा मात्र प्रतिकृतीखालच्या पट्टीवर लिहावी. कान्होजी १७२९ मध्ये वारले, आणि ऑर्मच्या डोळ्यांसमोर आहे ते १७५० च्या दशकातील आंगऱ्यांचे आरमार, जे फेब्रुवारी १७५६ मध्ये विजयदुर्गाखाली जळाले. त्या प्रसंगाचे डॉमिनिक सेरेस याने केलेले प्रसिद्ध तैलचित्र ग्रीनिचच्या संग्रहालयात आहे, परंतु ते १७७१ चे आहे. वातावरणासाठी पाहावे, मापांसाठी नव्हे. मोडी कागदपत्रांत जहाजांची क्षमता खंडीत दिलेली आढळेल. खंडीचे माप प्रांतागणिक बदलत असे, म्हणून टनांत रूपांतर करण्याची घाई करू नये. बोरिवलीजवळील एकसरच्या वीरगळांवरील नौकाही अनेकजण गुराबेसाठी वापरतात. ते शिल्प शेकडो वर्षे आधीचे आहे आणि त्याचा मान वेगळ्या प्रतिकृतीत राखावा.

लाकडाविषयी एवढेच, की खरे जहाज सागाचे असले तरी लहान प्रमाणात सागाच्या जाड रेषा डोळ्यांना खुपतात. हेदूचे बारीक, एकसारख्या पोताचे लाकूड घेऊन त्यास सागाची छटा द्यावी.

प्रश्न : मी नोकरीनिमित्त उत्तर इंग्लंडमध्ये राहतो. मुंबईत बांधलेले ‘ट्रिंकोमली’ हे जहाज येथे हार्टलपूलला आहे. त्यावर प्रत्यक्ष मापे घेऊन १८१७ ची प्रतिकृती करता येईल काय? (एक वाचक, न्यूकॅसल)

उत्तर : आपल्याला हेवा वाटावा अशी संधी लाभली आहे. मुंबईच्या गोदीत वाडिया घराण्याच्या देखरेखीखाली मलबारी सागाचे हे जहाज घडले आणि १२ ऑक्टोबर १८१७ रोजी पाण्यात उतरले. तोफांचे गाडे, फळ्यांची रुंदी, खिळ्यांची ठेवण यांसाठी त्याच्याइतका चांगला शिक्षक नाही. तथापि १८४५ च्या सुमारास त्याच्या तोफा कमी करण्यात आल्या आणि पिछाडीचा आकार बदलण्यात आला. त्यामुळे १८१७ ची पिछाडी आणि तोफांची संख्या जहाजावरून न घेता, ते ज्या लेडा वर्गातील आहे त्या वर्गाच्या मूळ आराखड्यांवरून घ्यावी. या वर्गाच्या रेषा १७८२ मध्ये पकडलेल्या ‘एबे’ या फ्रिगेट जातीच्या फ्रेंच युद्धनौकेवरून घेतल्या होत्या. मुंबईला निघालेली आराखड्यांची पहिली प्रत वाटेतच गेली, कारण ती नेणारे ‘जावा’ हे जहाज डिसेंबर १८१२ मध्ये अमेरिकेच्या ‘कॉन्स्टिट्यूशन’ने जिंकून नष्ट केले. मग दुसरी प्रत पाठवावी लागली. डंडी येथील ‘युनिकॉर्न’ हे त्याच वर्गातील जहाजही जरूर पाहावे, पण त्याची गोलाकार पिछाडी निराळी आहे; ती ‘ट्रिंकोमली’वर चढवू नये.

प्रश्न : दुसऱ्या महायुद्धातील ‘बेंगॉल’ या रॉयल इंडियन नेव्हीच्या सुरुंगशोधक नौकेची छायाचित्रे कृष्णधवल आहेत. त्यावरून रंग कसे ओळखावेत? (एक वाचक, नागपूर)

उत्तर : केवळ करड्या छटेवरून रंग ठरवू नये. जुन्या ऑर्थोक्रोमॅटिक फिल्मला लाल रंग जवळपास दिसत नसे, त्यामुळे लाल भाग काळा आणि निळा भाग फिकट उमटतो. सर्व रंग टिपणाऱ्या पॅनक्रोमॅटिक फिल्मवर तोच लाल मध्यम करडा होतो. म्हणून आधी त्याच छायाचित्रात ज्याचा रंग आपल्याला निश्चित माहीत आहे अशी वस्तू शोधावी, उदाहरणार्थ ध्वज किंवा खलाशांचे पांढरे कपडे, आणि तिच्याशी बाकीच्या छटा ताडाव्यात. छटांवरून रंगांच्या पट्ट्यांची सीमा मात्र खात्रीने घेता येते. ‘बेंगॉल’ ऑस्ट्रेलियात बांधलेल्या बॅथर्स्ट वर्गातील. त्या वर्गाची ‘कॅसलमेन’ मेलबर्नजवळ विल्यम्सटाउनला आणि ‘व्हायला’ त्याच नावाच्या गावी आजही जतन केलेल्या आहेत. त्यांच्या तपशीलवार छायाचित्रांवरून सांगाडा घ्यावा. ११ नोव्हेंबर १९४२ रोजी ‘ओंडिना’ या डच तेलवाहू जहाजाच्या जोडीने ‘बेंगॉल’ने दोन मोठ्या जपानी सशस्त्र जहाजांना तोंड दिले आणि ‘होकोकु मारू’ बुडाले. त्या दिवसाची नौका करायची असेल, तर त्या तारखेच्या आधीचे आणि सर्वांत जवळचे छायाचित्र प्रमाण मानावे आणि नंतरच्या दुरुस्तीत बसवलेली शस्त्रे वगळावीत. रंग शेवटपर्यंत निश्चित झाला नाही, तर दोन शक्यतांपैकी कोणती निवडली आणि का, हे पट्टीवर लिहून काम पूर्ण करावे.