घोडी माझी, खर्च नवऱ्याचा, यात लाज कसली?

यावेळी घोड्यांवरची तीन पत्रं घेतलीत. तिघंही नागपूर आणि आसपासचे, एकमेकांना ओळखत नाहीत, पण तिघांचं दुखणं एकच, घोडा एकाचा आणि पैसे दुसऱ्याचे. पहिलं पत्र मोठं आहे आणि त्याचं उत्तरही मोठंच देणार आहे.

प्रश्न : ताई नमस्कार, मी 38 वर्षांची, मानेवाड्याला राहते. लग्नाआधी शाळेत शिकवायची, मग मुलगा झाला, मग सासूबाईंना पॅरालिसिस झाला, नोकरी सुटली ती सुटलीच. कॉलेजात एनसीसीत रायडिंग शिकले होते ते मात्र डोक्यातून कधी गेलं नाही. मिस्टरांनी सारंगखेड्याच्या बाजारातून मला मारवाडी घोडी घेऊन दिली, मैना नाव ठेवलं. हिंगणा रोडला एका तबेल्यात ठेवलीय, महिन्याला 18-20 हजार लागतात, सगळे मिस्टर देतात. त्यांना स्वतःला घोड्याची भीती वाटते पण पैशावरून कधी एक शब्द बोलले नाहीत. बोलतात ते बाकीचे. महालक्ष्म्यांच्या जेवणाला नणंदबाई सगळ्यांसमोर म्हणाल्या, "माझा भाऊ तिकडे मरमर करून राहिला अन् इकडे हिची घोडेस्वारी चालू आहे." तबेल्यात दोघीतिघी आहेत, स्वतः कमावतात, त्या मला 'स्पॉन्सरवाली' म्हणतात हे सईसाकडून, म्हणजे घोड्यांची निगा राखणाऱ्या माणसाकडून, कळलं. आता असं झालंय की नवीन खोगीर घेतलं तर मिस्टरांना मी किंमत निम्मीच सांगितली आणि बाकीचे भिशीतून भरले. मैना विकून टाकू का? मनातून अजिबात नकोय.

उत्तर : नका विकू. निदान या कारणासाठी तरी नाहीच.

आधी खोगिराचं बोलू, कारण अख्ख्या पत्रात मला तेच टोचलं. मिस्टरांनी कधी हिशेब मागितला नाही, तरी तुम्ही किंमत लपवली, म्हणजे नणंदबाई जेवून त्यांच्या घरी गेल्या पण त्यांचं बोलणं तुमच्या दोघांच्या मध्ये येऊन बसलं. ते आजच तिथून उठवा. खरी किंमत सांगा, भिशीतून भरले तेही सांगा, का लपवलं तेही सांगून टाका. ज्या माणसाला घोड्याची भीती वाटते आणि तरी जो बायकोसाठी सारंगखेड्याच्या यात्रेत जाऊन घोडी घेतो, त्याला खोगिराच्या किमतीनं काही होणार नाही, बायको आपल्याशी खोटं बोलली हे दुसऱ्याकडून कळलं तर मात्र होईल.

आता नणंदबाई. मला एक सांगा, पॅरालिसिस झालेल्या तुमच्या सासूबाई या नणंदबाईंच्या सख्ख्या आईच ना? त्यांना कूस बदलून देणं, पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून दिवसातून कितीदा तरी हलवणं, हातपायांचा व्यायाम, पातळ जेवण भरवणं, रात्री उठणं, हे कोण करतं? तुम्ही करता. यासाठी दिवसाची एक आणि रात्रीची एक बाई ठेवायची म्हटलं तर मैनाच्या खर्चापेक्षा पगार कमी होईल असं मला वाटत नाही, आणि तरी तुमच्यासारखं होईल का ते वेगळंच. म्हणजे भाऊ मरमर करतो हे खरं आहे, पण वहिनीची मरमर त्यांना दिसत नाही कारण तिची पगाराची स्लिप येत नाही.

हे काही माझ्या मनातलं नाही. सरकारचा 2019 चा टाइम यूज सर्व्हे आहे, घरची बिनपगारी कामं करणाऱ्या बायकांची त्यात रोज सरासरी 299 मिनिटं जात होती आणि ती कामं करणाऱ्या पुरुषांची 97. 2021 मध्ये सुप्रीम कोर्टानं अपघाताच्या भरपाईच्या एका केसमध्ये स्वच्छ सांगितलं की घर सांभाळणाऱ्या बाईच्या कामाला पैशात किंमत आहे आणि ती धरलीच पाहिजे. 2023 मध्ये मद्रास हायकोर्ट त्याच्या पुढे गेलं, नवरा बाहेर कमावू शकला कारण बायकोनं घर धरलं, म्हणून त्या कमाईतून घेतलेल्या मालमत्तेत तिचाही वाटा आहे असं म्हटलं. कोर्टाला जे कळलं ते आपल्या महालक्ष्म्यांच्या पंगतीत कळायला हरकत नाही.

आणि यात आणखी एक गोष्ट आहे जी मला फार दिवसांपासून बोलायची होती. 2023 च्या हांगझोऊ एशियन गेम्समध्ये आपल्या टीमनं ड्रेसाजमध्ये, म्हणजे घोड्याकडून ठरलेल्या चाली करून घ्यायच्या प्रकारात, गोल्ड मिळवलं, घोडेस्वारीत 1982 नंतर 41 वर्षांनी गोल्ड, त्यातली एक मुलगी तर आपल्या शेजारच्या इंदूरची. सगळ्यांनी स्टेटस ठेवले. हा खेळ घरच्यांच्या पैशाशिवाय उभाच राहत नाही हे सगळ्यांना माहीत आहे, आणि बापानं मुलीसाठी घोड्यावर पैसे घातले तर आपण म्हणतो काय बाप आहे! तेच नवऱ्यानं बायकोसाठी केलं की ती उधळी. नवऱ्यानं स्वतःसाठी बुलेट घेतली, दर रविवारी मित्रांसोबत सावजी आणि बाकीचं सगळं चाललं, तर कोणी विचारतही नाही की हे कोणाच्या पैशानं. म्हणजे लोकांना पैसा खुपतच नाही, बाई स्वतःच्या आनंदासाठी सकाळी घराबाहेर जाते हे खुपतं, आणि पैशाचं नाव पुढे करतात कारण ते बोलायला सोपं पडतं.

नणंदबाईंशी भांडू नका. पुढच्या वेळी शांतपणे एवढंच म्हणा, "ताई, आईंचं मी करते, मैनाचं हे करतात, आमचं दोघांचं जमतं." आणि मिस्टरांनाही सांगा की त्यांच्या बहिणीला उत्तर त्यांनीच एकदा द्यावं. गप्प बसून पैसे देणं हा चांगुलपणा आहे, पण तेवढ्यानं भागत नाही, चार लोकांसमोर "मीच घेऊन दिली, मला आवडलं" हे त्यांच्या तोंडून आलं की निम्मी तोंडं बंद होतील.

तबेल्यातल्या बायकांचं मात्र वेगळं आहे. त्या स्वतःच्या पगारातून करतात, त्यांना ते कष्टाचं वाटतं आणि आहेच. पण नागपूर भोसल्यांचं गाव आहे, इथे तरी घोड्याच्या पैशावरून माणसाची किंमत ठरवू नये. मराठ्यांच्या फौजेत शिलेदार स्वतःचा घोडा घेऊन यायचा आणि बारगिराला घोडा सरकारी पागेतून मिळायचा, आणि शिवाजी महाराजांनी बळकट केली ती पागा, शिलेदारांना तिच्या अधीन ठेवलं. पंचवीस घोड्यांमागे एक नाल ठोकणारा नालबंद आणि एक पाणी आणणारा पखालजी पागेतच नेमलेला असायचा. घोडा कोणाच्या पैशाचा यापेक्षा त्याची निगा नीट होते का हे तेव्हा बघितलं जायचं.

आणि निगा कशी ठेवतात ते तबेल्यात सगळ्यांना दिसतं. सकाळी पोचल्यावर तुम्ही आधी सेल्फी काढता की खुराच्या फटीत अडकलेला खडा हुकनं काढता, बेडकीला, म्हणजे खुराच्या तळाच्या मऊ भागाला, वास येतो का बघता, खरारा करताना पाठीवर खोगिराची जागा दाबून बघता की मैना कातडी थरथरवते का, लीद किती पडली आणि कशी पडली हे सईसाला विचारता का. तुम्ही हे करत असाल, आणि पत्रावरून वाटतंय करता, तर 'स्पॉन्सरवाली' हा शब्द फार दिवस टिकत नाही.

आता थोडं कडक बोलते, कारण लाज वाटायचं कारण नसलं तरी जबाबदारी आहेच. घोडा 25-30 वर्षं जगतो. 400 किलोच्या घोडीला दिवसाला 6 ते 8 किलो कोरडा चारा लागतो, दर 6-8 आठवड्यांनी नाल, आणि आपल्या मे महिन्यात 45 डिग्रीला पाणी, सावली, पंखा यांत एक दिवसही चुकून चालत नाही. घोड्याला उलटी करता येत नाही, म्हणून पोटशूळ झाला की तो जिवावर येतो, घोडी सारखी पोटाकडे वळून बघते, पाय आपटते, बसते उठते लोळते, आणि त्या रात्री डॉक्टरला फोन करताना पैसे आहेत का हे शोधत बसायला वेळ नसतो. म्हणून दोघं मिळून बसा आणि तीन गोष्टी पक्क्या करा. एक, महिन्याचा खरा आकडा दोघांना पाठ पाहिजे, खोगीर नाल जंताचं औषध धनुर्वाताचं इंजेक्शन सगळं धरून. दुसरं, किमान चार-पाच महिन्यांचा खर्च वेगळ्या खात्यात, ज्याला फक्त मैनासाठीच हात लावायचा. तिसरं बोलायला जड जातं पण बोला, उद्या मिस्टरांची नोकरी गेली किंवा त्यांना काही झालं तर मैना कुठे जाणार? खरेदीची पावती तुमच्या नावावर आहे का? नसेल तर करून घ्या, नवऱ्यानं भेट दिलेली आहे, तुमचीच आहे, आणि तिच्याबद्दल निर्णय घ्यायचा हक्कही कागदावर तुमचा असू द्या.

आणि जमलं तर शनिवार-रविवार तबेल्यात लहान मुलांना शिकवायचं काम बघा, तुम्ही शिक्षिका होता, रायडिंग येतं, असं माणूस रोज मिळत नाही. लोकांचं तोंड बंद करायला करू नका, तुमच्या हातात स्वतःचे चार पैसे राहावेत म्हणून करा.

प्रश्न : मी काटोल तालुक्यातला, संत्र्याची बाग आहे. बायको जिल्हा परिषदेच्या शाळेत आहे. माझ्याकडे काठेवाडी घोडा आहे, यात्रेत प्रदर्शनात नेतो. गावातले पोट्टे म्हणतात, "बायकोच्या पगारावर घोडा नाचवून राहिला बे." बायको काही बोलत नाही. मला राग येतो. काय करू?

उत्तर : दादा, पहिल्या ताईंना सांगितलं ते सगळं तुम्हालाही लागू. बायको कमावते आणि नवऱ्याच्या आवडीला देते यात कमीपणा काहीच नाही, पोट्ट्यांचं मनावर घेऊ नका. पण मला एक वाक्य खटकलं, "बायको काही बोलत नाही." पहिल्या पत्रातले मिस्टर बोलत नाहीत आणि तुमची बायको बोलत नाही यात फरक असू शकतो. ती शाळा करून येते, मग स्वयंपाक, मग गोठा, आणि पहिल्या तारखेला पगारातून घोड्याचा खुराक जातो, तर तिला बोलायची जागा तुम्ही ठेवलीय का? आज विचारा. नुसतं "चालते ना?" असं नको, "तुला या पैशाचं दुसरं काय करायचं होतं?" असं विचारा आणि उत्तर येईपर्यंत थांबा.

तुमचा पैसा बहार निघाला की एकदम येतो, तिचा दर महिन्याला येतो, म्हणून रोजचा खर्च तिच्यावर पडतो हे मी समजू शकते. मग आंबिया किंवा मृग बहाराचा माल विकला गेला की घोड्याचे जेवढे झाले तेवढे तिच्या खात्यात परत टाका, किंवा तिच्या मनातल्या कामाला द्या. आणि नाचवण्याचा विषय निघालाच आहे तर, काटेरी लगाम वापरत असाल तर आजच काढा. जनावरांवरची क्रूरता रोखणाऱ्या 1965 च्या नियमांनी ती बंद आहे, आणि त्या लगामेनं जनावराचं तोंड आतून फाटतं.

प्रश्न : ताई मी 26 वर्षांची, मिहानमध्ये जॉब करते, मैत्रिणीसोबत अर्ध्या भागात एक घोडा ठेवलाय. पेट्रोल धरून माझा अर्धा पगार जातो. तबेल्यात एक जण आहे, सगळं नवऱ्याच्या कार्डवर, दर शोला नवं जॅकेट नवे बूट. मला तिचा राग येतो. मी वाईट आहे का?

उत्तर : नाहीस गं. थकलेल्या माणसाला असा राग येतो. ओव्हरटाइम करून नालेचे पैसे जमवायचे आणि शेजारी कोणीतरी हिशेबाशिवाय खर्च करतंय हे रोज बघायचं, कोणालाही होईल. पण तो राग तिच्यावर काढू नकोस, तिच्या नवऱ्यानं कार्ड बंद केलं तरी तुझा एक रुपया वाचणार नाही. तिच्या बुटांकडे बघू नकोस, तिच्या घोड्याकडे बघ. तो चांगल्या अंगानं आहे, खूर साफ आहेत, ती स्वतः त्याला फिरवते, तर तिनं कोणाच्या पैशानं केलं हा आपला विषयच नाही. आणि ती महिनोन् महिने फिरकत नसेल, घोडा सईसाच्या भरवशावर उभा असेल, तर तेव्हा जरूर बोल, पण तेही घोड्यासाठी. स्वतःच्या पगारावर घोडा ठेवून त्याला असंच टाकून देणारेही मी पाहिलेत.

तुझा प्रश्न खरं तर पैशाचा आहे म्हणून त्याचंच सांगते. अर्धा पगार फार होतोय. मैत्रिणीशी बोलून तिसरी व्यक्ती भागात घ्या, पण कोणत्या दिवशी कोण बसणार आणि डॉक्टरचे पैसे कसे वाटायचे हे लिहून ठेवा. कुट्टी, कडबा, हरभरा हंगामात चार घोडेवाल्यांनी मिळून घेतला तर भाव बराच खाली येतो, कोरड्या जागी ठेवायचा मात्र, पावसाळ्यात बुरशी धरलेला चारा घोड्याला देऊच नये. काही अडलं तर सेमिनरी हिल्सच्या व्हेटर्नरी कॉलेजमध्ये विचार. आणि नालबंद एका घोड्यासाठी लांबून आला की जाण्यायेण्याचे सगळे पैसे तुझ्याच माथी पडतात, म्हणून त्या जॅकेटवालीलाच विचार की तिच्या घोड्याचा नाल बदलायचा वार कोणता, त्याच दिवशी तुमच्याही घोड्याचं करून घ्या आणि त्याच्या येण्याचा खर्च वाटून भरा.