शनिवारची एसटी

"मॅडम, त्या पोरी हिच्याशी धड बोलत नाहीत. आपल्याच जिल्ह्यात आपलं लेकरू परकं झालंय बघा." तासगावहून आलेल्या आईनं खुर्चीत टेकायच्या आधीच सांगून टाकलं. लेक शेजारी ओढणीचं टोक पिळत बसलेली. एमबीबीएसचं दुसरं वर्ष, सरकारी कॉलेज. हॉस्टेलच्या खोलीत तिघी: ही, एक केरळची, एक राजस्थानची. आईला विचारायचं होतं ते एवढंच, की खोली बदलून घ्यावी का. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदललेत.)

सांगलीत हा प्रश्न माझ्याकडे वरचेवर येतो. सरकारी मेडिकल कॉलेजांतल्या एमबीबीएसच्या 15 टक्के जागा अखिल भारतीय कोट्यातल्या, त्यामुळे वर्गात परराज्यातली मुलं असतातच. त्यांचे आईवडील विचारतात, आमचं मूल एकटं पडेल का? इथले विचारतात, ती मुलं एवढी शिष्ट का?

पहिल्या भेटीत मीच चुकले. "तू पुढाकार घे, मिसळत जा," म्हणून मोकळी झाले. तिनं घरून पुरणपोळ्या नेल्या. केरळच्या मुलीनं थँक यू म्हणून अर्धी खाल्ली, डबा घासून परत दिला. विषय संपला. 'मिसळत जा' म्हणजे नेमकं काय करायचं, हे मला तरी कुठं सांगता आलं असतं?

दुसऱ्या वेळी तिला एक वही दिली. पंधरा दिवस चहा कुणाबरोबर, जेवण कुणाबरोबर, कुठल्या भाषेत, एवढंच लिहायचं. वही परत आली तेव्हा रोज तीच चार नावं होती, तासगाव, विटा, इस्लामपूरकडची. आणि दोन्ही शनिवारांपुढे एकच ओळ: दुपारची एसटी, घरी. मळक्या कपड्यांची बॅग घेऊन जायचं, सोमवारी सकाळी इस्त्रीचे कपडे आणि चटणीची बरणी घेऊन परत यायचं.

"रविवारी खोलीत काय चालतं गं?"

तिला माहीत नव्हतं. विचारून आली. रविवारी रात्री मेस बंद. मागे राहिलेल्या सगळ्या मिळून बाहेर डोसा खायला जातात, येताना भडंग आणतात, एकमेकींच्या डोक्याला तेल चोळत परीक्षेचं रडगाणं गातात. मैत्री तिथं झाली होती, आणि त्या वेळी ही तासगावात असायची. राजस्थानच्या मुलीची समजूत तर उलटीच होती. या मराठी मुलींचा गट आधीच जमलेला, आपल्याला कोण विचारतंय? त्यातून या मराठी मुली खोलीत जमून मराठीत हसायच्या, तेव्हा तिला वाटायचं आपल्यालाच हसतात. (हे आपल्याकडे फार होतं, आणि आपल्या लक्षातही येत नाही.)

मग आम्ही दोनच गोष्टी ठरवल्या. महिन्यातले दोन रविवार हॉस्टेलवर काढायचे, आणि वॉर्डात केस घेताना केरळच्या मुलीबरोबर जोडी करायची. दुसरी गोष्ट जास्त लागू पडली. एक आजी सांगत होत्या, "पोटात मुरडा मारतोय, कससंच होतंय." केरळची नुसती बघत राहिली. हिनं समजावलं: कळ येणं वेगळं, आग होणं वेगळं, मुरडा म्हणजे पिळवटून दुखतं आणि लागलीच संडासला पळावं लागतं. तेवढ्यानं हिस्टरी, म्हणजे आजीच्या दुखण्याची माहिती, पूर्ण झाली. केस सांगायची वेळ आली तेव्हा हिचं इंग्रजी अडकलं, ते तिनं सावरलं. त्या रात्री खोलीत मराठी दुखण्यांची यादी तयार झाली, मल्याळम लिपीत.

सगळ्याच तक्रारी अशा सुटत नाहीत, हेही सांगते. प्रांतावरून, भाषेवरून कुणी टोमणे मारून छळत असेल तर त्याला गैरसमज म्हणायचं नाही. यूजीसीच्या रॅगिंगविरोधी नियमांत 2016च्या दुरुस्तीनं प्रांत आणि भाषेवरून होणारा छळही रॅगिंगमध्ये धरला आहे. तिथं वही-पेनाचे उपाय करत बसू नका, सरळ तक्रार करा. हेल्पलाइन 1800-180-5522.

आमच्या या मुलीची खोली बदलली नाही. तीनेक महिन्यांनी आईचा फोन आला. आवाज जरा चिडकाच.

"मॅडम, दोन रविवार ठरले होते न्हवं? ह्या महिन्यात ही एकदाबी आली नाही. आणि कपडे कोण धुतंय मग तिचे?"