भाड्याने देण्यासाठी पहिले घर घ्यायचे आहे, सुरुवात कोठून करावी?

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे: नोकरी स्थिर आहे, थोडी शिल्लक जमली आहे, बाकी कर्ज काढून एक घर घ्यावे आणि भाड्याने द्यावे, तर सुरुवात कशी करावी, आणि घर नवे घ्यावे की जुने? शेवटी आपण 'हप्ता काय, भाड्यातून सुटेलच' असे सहज लिहून गेला आहात. नव्या-जुन्याकडे मी नंतर येतो. आधी हे वाक्य, कारण नेमके यावरूनच माझे आणि माझ्या थोरल्या बंधूंचे अनेक वर्षे पटलेले नाही.

बहुतेक वेळा हप्ता भाड्यातून सुटत नाही. घराची किंमत १०० धरा आणि वर्षाचे भाडे ५. ऐंशी टक्के कर्ज नऊ टक्के दराने वीस वर्षांसाठी काढले, तर वर्षाचे हप्ते ८.६ च्या आसपास जातात. दर सहा टक्के धरला तरी ते ६.९ होतात, म्हणजे पाचात बसत नाहीतच. शिवाय हे पाचही पुरते हातात पडत नाहीत. वर्षातून एक महिना घर रिकामे राहिले की भाड्यातले आठ टक्क्यांहून अधिक गेले. डागडुजीसाठी किमतीच्या एक टक्क्याची तरतूद करावी असा ढोबळ नियम आहे. त्यानंतर मालमत्ता कर, विमा आणि इमारतीचा देखभाल खर्च. पाचातले तीन उरले तरी ठीक म्हणायचे. उरलेली तफावत दरमहा आपल्या पगारातून जाणार आहे, आणि ती किती वर्षे सोसवेल याचे उत्तर घर पाहायला जाण्यापूर्वी आपल्याकडे तयार हवे. सुरुवात तिथूनच होते, दलालाच्या फोनपासून नव्हे.

आता दादांविषयी. आम्ही दोघांनी एकाच इमारतीत, एकाच आकाराची घरे साधारण एकाच वेळी घेतली, तीही भाड्याने देण्यासाठीच. माझ्याकडे आलेल्या शिक्षक दांपत्याने मी सांगितलेल्या भाड्यात थोडी घासाघीस केली आणि स्वयंपाकघरातला गळका नळ बदलून मागितला. मी दोन्ही गोष्टी मान्य केल्या आणि किल्ली त्यांच्या हाती दिली. दादांकडेही जवळपास तेवढेच भाडे देणारे कुटुंब आले होते. परंतु दादांचा आकडा त्याहून दहा टक्क्यांनी वर होता आणि 'आज खाली उतरलो, तर उद्या वर चढता येणार नाही' असे म्हणून त्यांनी त्या कुटुंबाला परत पाठवले. त्यानंतर येणारा प्रत्येक जण घर पाही, खिडकीतून वाकून बघे आणि विचार करून कळवतो म्हणून निघून जाई. घर जवळजवळ अर्धे वर्ष बंद राहिले.

बंद घर जसेच्या तसे राहते असे ज्यांना वाटते, त्यांनी ते दार माझ्यासोबत उघडायला हवे होते. न्हाणीघरातल्या नहाणी ट्रॅपमधले पाणी आटून गेले होते, त्यामुळे सांडपाण्याच्या नळीतला वास अडायला काही उरले नव्हते आणि तो सगळ्या खोल्यांत भरला होता. नळाचा वॉशर कडक होऊन फाटला होता, आणि बाहेरच्या भिंतीला टेकवलेल्या कपाटाची मागची बाजू बुरशीने काळी पडली होती. ग्राहक घर पाहायला येत ते या वासात. शेवटी रंग देऊन आणि नळजोडणी दुरुस्त करून दादांना त्यांच्या मनासारखे भाडे मिळाले, हे मी नाकारत नाही. 'माझे भाडे तुझ्यापेक्षा जास्त आहे' हे वाक्य ते आजही प्रत्येक कौटुंबिक समारंभात ऐकवतात, आणि महिन्याच्या हिशेबाने ते खरेच आहे.

वर्षांच्या हिशेबाने मात्र ते खरे नाही. देऊ केलेले भाडे १०० होते आणि दादांना ११० हवे होते. सहा महिन्यांत ६०० बुडाले, ते दरमहा १० च्या वाढीने भरून यायला ६० महिने लागतात, म्हणजे पाच वर्षे, आणि तेही तोच भाडेकरू पाच वर्षे टिकला तर. तो कराराची मुदत संपताच गेला. माझे शिक्षक दांपत्य मुदतीमागून मुदत वाढवत राहिले. दादांचा दुसरा युक्तिवाद असा की, दरम्यान घराची किंमत वाढलीच ना. वाढली, परंतु माझ्याही घराची तेवढीच वाढली, आणि रिकाम्या घराची किंमत भरलेल्या घरापेक्षा जास्त वेगाने वाढते असे मी तरी कोठे पाहिलेले नाही.

म्हणून माझे स्पष्ट मत असे आहे की, वेळेवर भाडे देणाऱ्या आणि घर नीट वापरणाऱ्या माणसासाठी बाजारभावापेक्षा थोडे कमी घेणे हा दयाळूपणा नसून व्यवहार आहे. तो गेला की दलाली, रंगरंगोटी आणि रिकामा महिना हे तिन्ही खर्च एकदम अंगावर येतात. करार वाढवताना भाडेवाढ मागा, परंतु त्या तिन्ही खर्चांची बेरीज आधी करून मगच आकडा सांगा.

याचा अर्थ मिळेल त्याला घर द्यावे असा मुळीच नाही. भाडे थकवणारा आणि घर न सोडणारा माणूस रिकाम्या घरापेक्षा कितीतरी महाग पडतो. उत्पन्नाची कागदपत्रे पाहावीत, आणि चौकशी करताना सध्याच्या घरमालकाबरोबर त्याच्या आधीच्या घरमालकालाही गाठावे; सध्याच्या मालकाला ब्याद टळायला हवी असेल, तर तो तोंड भरून स्तुती करील. किल्ली देताना प्रत्येक खोलीची छायाचित्रे आणि विजेच्या मीटरचे आकडे दोघांच्या सह्यांसह करारनाम्याला जोडावेत, म्हणजे अनामत रक्कम परत करताना वाद होत नाही. भाडेकरूविषयक कायदे आणि भाड्याच्या उत्पन्नावरील कर सगळीकडे सारखे नसतात, त्यामुळे करारनामा स्थानिक वकिलाकडून तपासून घेणे टाळू नका. आणखी एक गोष्ट आधीच सांगायला हवी होती: माझ्यावर कर्ज कमी होते, म्हणून मला घासाघीस परवडली. आपण ऐंशी टक्के कर्ज काढणार असाल, तर घराची किंमत दहा टक्क्यांनी घसरताच आपण घातलेल्या पैशातला निम्मा भाग कागदावर नाहीसा होतो. निदान सहा हप्त्यांएवढी रक्कम वेगळी ठेवता येत नसेल, तर यंदा घर घेऊ नका.

राहिले नवे की जुने. नव्या घराचे भाडे हा विकणाऱ्याचा अंदाज असतो. जुन्या घरात आधीच भाडेकरू राहत असेल, तर मागील दोन वर्षांच्या बँक नोंदी आणि देखभालीची बिले मागून खरा आकडा पाहता येतो, म्हणून पहिल्या घरासाठी मी जुने घेईन. मात्र ते घर बराच काळ बंद असेल, तर आत शिरताच सगळे नळ सोडून पाहा, कपाटे पुढे ओढून मागची भिंत तपासा, आणि ते इतके दिवस रिकामे का होते याचे उत्तर विकणाऱ्याकडून न घेता शेजाऱ्यांकडून घ्या.